सात पिचकाऱ्या, सात पिशव्या

१

डोळे मिटा पाहू. इतके घट्ट नकोत, झोप लागेल. आणि बोटांच्या फटीतून बघणारा जो कुणी आहे, त्याला मी पाहिलेलं नाही असं समजू या.

आता कल्पना करा. सकाळची वेळ आहे आणि तुम्ही एका पागेच्या फाटकात उभे आहात. पागा म्हणजे घोड्यांचं घर. समोर फरशीचं अंगण, मध्ये पाण्याचं टाकं आणि तीन बाजूंनी सात ठाणं. ठाण म्हणजे एका घोड्याची खोली: अर्धं दार, कोपऱ्यात गव्हाण, खाली पेंढा. वास येतोय? गवताचा, घामाचा, कातड्याचा आणि लिदेचा. नाक मुरडू नका. आजचं कोडं सुटणार आहे ते त्या लिदेतूनच.

अंगणात सूचनांचा एक फळा आहे. त्या बुधवारी फळ्यावर एक कागद लागला होता आणि त्याच्यासमोर दोन माणसं उभी होती. एक पागेचे म्हातारे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची सगळी देखभाल करणारे. तीस वर्षं त्यांनी याच अंगणात घोड्यांना खरारा केला होता आणि ते पागेच्या माडीवरच्या खोलीत राहत होते. दुसरी त्यांची नात. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. वय अकरा.

“वाच गं,” मोतद्दार म्हणाले. एकेक अक्षर त्यांना ओळखता यायचं. पण अक्षरं ओळीत उभी राहिली की त्यांना दाद देत नसत.

“औषध दिल्यानंतर चौदा दिवसांनी केलेली तपासणी,” टाचणीने वाचलं. “एक ग्रॅम लिदेत जंतांची किती अंडी सापडली ते. थोरला, अकराशे पन्नास. जायफळ, बाराशे. कोळसा, अकराशे. मिरी, अकराशे पन्नास...” पुढची तीन नावं तिने इतक्या हळू वाचली, की ती फक्त फळ्यालाच ऐकू गेली असतील.

मागून मालकीणबाई आल्या. पागा त्यांच्या वडिलांची. आता एकट्या चालवत होत्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“मामा, सात घोडे आणि सात पिचकाऱ्या औषध. ते पोटात गेलं असतं तर हे आकडे शून्याच्या आसपास असते. मग औषध गेलं कुठे?”

“घोड्यांच्या तोंडात गेलं, ताई.”

“मग हा कागद खोटं बोलतोय?”

मोतद्दार फळ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं घोड्यांशी बोललेल्या माणसाला माणसांशी वाद घालायची सवय राहत नाही.

“गेल्या वर्षी आपलं शिंगरू जंतांनी गेलं,” मालकीणबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “चार महिन्यांचं होतं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पुन्हा तसं बघायची माझ्यात ताकद नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत माडीवरची खोली रिकामी करा.”

टाचणी कागदाकडे पाठ करून जिन्याकडे पळाली. 

२

पुढे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ.

जंत प्रत्येक घोड्यात थोडेफार असतातच. ते आतड्यात राहतात, अंडी घालतात, अंडी लिदेतून बाहेर पडतात, त्यांतून बारीक अळ्या निघतात आणि गवताच्या पात्यावर चढून बसतात. घोडा ते पातं खातो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. थोडे असले तर घोडा कुरकुरत नाही. फार झाले तर तो खंगतो, पोट दुखून लोळतो, कधी मरतोही. म्हणून वजन बघून औषध द्यायचं आणि दोन आठवड्यांनी लीद तपासायची. थोडीशी लीद मिठाच्या दाट पाण्यात ढवळली की अंडी वर तरंगतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजायची.

मोजायचं काम डॉक्टरबाईंचं. त्या जनावरांच्या डॉक्टर. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते आणि गुडघ्यांनी ते केव्हाच मनावर घेतलं होतं. त्या गुरुवारी दुपारी पागेत आल्या तेव्हा गाडीतून आधी एक पाय बाहेर काढला, मग थोडा वेळ विचार केला आणि मग दुसरा काढला.

“दुसरं जोरदार औषध द्या,” मालकीणबाई म्हणाल्या. “मोतद्दार तर चाललेच आहेत.”

“औषध देईन. पण आधी मला कळू दे, पहिलं का लागू पडलं नाही. कधी औषध बनावट निघतं. कधी देणारा देत नाही. आणि कधी जंतच निर्ढावतात, औषधाला भीक घालत नाहीत. तसं असेल ना, तर चोरी परवडली म्हणायची वेळ येईल. रिकाम्या पिचकाऱ्या टाकून दिल्या का?”

मालकीणबाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. पुरावा म्हणून त्यांनी सातही पिचकाऱ्या कचऱ्यातून काढून त्यात ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर मोतद्दारांनी घोड्यागणिक वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता.

ही पिचकारी सुईची नसते. जाड प्लास्टिकची नळी, आत मलमासारखं औषध, मागे दट्ट्या. दट्ट्यावर घोड्याच्या वजनाचे आकडे आणि एक फिरणारी कडी. कडी ज्या आकड्यावर आवळाल तिथेच दट्ट्या अडतो, आणि तेवढंच औषध बाहेर येतं.

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि एकेक पिचकारी उजेडात धरली. मग त्या म्हणाल्या, “घोड्यांची छाती मोजायची फीत कुठे असते? मला सातही घोडे मोजायचे आहेत. आणि कुणीतरी वाकणारं माणूस द्या, मी वाकले तर उद्याच उठेन.”

टाचणी वाकली. फीत घोड्याच्या छातीभोवती फिरायची, डॉक्टरबाई त्यावरून वजन काढायच्या, वहीत लिहायच्या आणि मग पिचकारीवरची कडी बघायच्या. कोळसा, पाचशे दहा किलो. कडी पाचशे दहाला. मिरी, तीनशे ऐंशी. कडी तीनशे ऐंशीला. सातही तशाच. प्रत्येक नळीत दट्ट्यापुढे थोडं थोडं औषध शिल्लक होतं, कुठे बोटभर, कुठे नखभर.

“ज्याला औषध गटारात ओतायचं असतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “तो दट्ट्या शेवटपर्यंत दाबतो आणि घरी जातो. सात घोडे मोजत बसत नाही.”

“चलाख असला तर?” मालकीणबाई म्हणाल्या.

“असेल. तेही बघू.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “पण मला आता पिचकाऱ्यांपेक्षा माझ्याच कागदाची शंका यायला लागली आहे.”

३

औषधवाल्यावरचा संशय पाच मिनिटांत मिटला. त्याचं दुकान नाक्यावरच होतं. डॉक्टरबाईंना पाहून तो स्टूल घेऊनच बाहेर आला.

“बसा. बनावट औषध विकलं म्हणायला आलात ना? काल मालकीणबाई येऊन तेच सुनावून गेल्या. माझी बायकोही माझ्यावर विश्वास ठेवत नाही, पण ती निदान चहाच्या बाबतीत.”

“त्याच खोक्यातल्या पिचकाऱ्या आणखी कुठे गेल्या?”

“पुलापलीकडच्या पागेत. नऊ.”

डॉक्टरबाईंनी मान हलवली. त्या नऊ घोड्यांची लीद त्यांनीच गेल्या आठवड्यात तपासली होती. स्वच्छ. औषध खरं होतं. त्यांनी स्टुलावर आणखी दोन मिनिटं बसून घेतलं, तपासासाठी नव्हे, गुडघ्यांसाठी.

दुसरा संशय उस्तादांवर होता. उस्ताद म्हणजे पागेत घोडेस्वारी शिकवणारे. पाठ ताठ, मिशी ताठ, बोलणंही ताठ. औषधाच्या कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची, आणि माडीवरची खोली आपल्या भाच्याला मिळावी असं ते गेले चार महिने म्हणत होते. टाचणीने हे डॉक्टरबाईंना आधीच कानात सांगितलं होतं. जरा जास्तच उत्साहाने.

“होय, हवी आहे खोली,” उस्ताद म्हणाले. “चार महिने भाचा माझ्या खोलीत जमिनीवर झोपतो आणि झोपेत घोड्यासारखा लाथा झाडतो. पण त्यासाठी मी घोड्यांच्या पोटात जंत वाढवीन? उद्या जायफळ मुलाला पाठीवर घेऊन कोसळली, तर मान माझी जाईल. चोर शोधायचाय तर म्हाताऱ्याच्या खोलीत बाटल्या शोधा.”

“ते पितात?”

“मी बघितलं नाही. पण औषधाच्या दिवशी संध्याकाळी त्यांचा कुत्रा पिऊन झिंगला होता, हे या डोळ्यांनी बघितलंय! चौकटीवर आपटत होता, चार पाय चार दिशांना. धनी पितो, तेव्हाच कुत्र्याला मिळते.”

कुत्र्याला शेपूट नव्हतं, म्हणून त्याचं नाव शेपट्या. या क्षणी तो शेवटच्या ठाणाच्या उंबऱ्यावर झोपला होता, शहाण्यासारखा.

“लाळ गळत होती?” डॉक्टरबाईंनी विचारलं. थकव्याने मिटत आलेले त्यांचे डोळे एकदम उघडले होते. “डोळ्यांची बुबुळं मोठी झाली होती?”

“मी काय त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसलो होतो?”

“हो, झाली होती,” टाचणी मध्येच म्हणाली. “बशीएवढी. मी दोन दिवस त्याला चमच्याने पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी बरा झाला. आजोबा म्हणाले, म्हातारा झालाय, ऊन लागलं असेल.”

“आणि तो नेहमी तिथेच झोपतो? त्या शेवटच्या ठाणाशी?”

“नेहमी. तो थोरल्याचा कुत्रा आहे. आमचा नुसता जेवायला.”

डॉक्टरबाई शेवटच्या ठाणाकडे निघाल्या आणि अर्ध्या वाटेत वळून माडीचा जिना चढू लागल्या. बारा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर त्या एक वाईट शब्द पुटपुटत होत्या, तो मी इथे लिहीत नाही.

४

खोलीत एक खाट, एक चूल आणि एक उघडी ट्रंक. ट्रंकेत मोतद्दार सामान भरत होते. सामान फार नव्हतं. घोड्याचं अंग घासायचा एक खरारा हातात घेऊन ते बराच वेळ उभे होते. तो त्यांचा की पागेचा, हे त्यांनाही आठवत नव्हतं.

“मी औषध दिलं,” पाठमोरेच ते म्हणाले. “तुम्हाला खरं वाटो न वाटो.”

“वाटतं. कसं दिलं, ते सांगा. नीट, एकेक पायरी. मला घाई नाही, मला परत खाली उतरायचं आहे.”

मोतद्दार खाटेच्या कडेवर बसले. औषधाचा विषय निघाला तसा त्यांचा आवाज जरा सरळ झाला. “आधी फितीने मोजतो. मग कडी लावतो. घोड्याच्या तोंडात गवत असलं तर मलम गवताला चिकटतं आणि घोडा दोन्ही थुंकतो. म्हणून अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत घालतो, गालात काही असलं तर काढतो. मग पिचकारी जिभेच्या मागे, दट्ट्या, आणि हनुवटी वर धरायची. गिळलं की सोडायचं.”

“सातही घोड्यांना तसंच?”

“सातही... म्हणजे सहांना. थोरल्याचं तोंड काय बघायचं? सत्तावीस वर्षांचा आहे तो. बावीस वर्षं मी त्याला औषध देतोय, खडीसाखर खावी तसं खातो. आपलाच माणूस तो.”

“त्याचे दात कसे आहेत?”

“दात?” मोतद्दार हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. “माझ्याइतकेच. दाढा झिजून गुळगुळीत झाल्यात. गवत चावून चावून दमतो आणि गालात बोळा करून ठेवतो. मग टाकून देतो. रोज सकाळी दोनचार बोळे मी पेंढ्यातून उचलतो.”

बोलता बोलता ते थांबले. हातातल्या खराऱ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यातही काहीतरी जागेवर येऊन बसलं असावं, कारण चेहरा पांढरा पडला.

“म्हणजे मीच...” ते म्हणाले. “पण डॉक्टरबाई, तो एकटा. बाकी सहांची तोंडं मी बघितली होती, देवाशपथ. मग त्यांच्यात अंडी कशी?”

“तेच तर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तेवढंच राहिलंय.”

दाराच्या चौकटीला टाचणी टेकून उभी होती. तिचा चेहरा आजोबांपेक्षाही पांढरा होता. पण डॉक्टरबाई तेव्हा आपल्या पुढ्यातल्या बारा पायऱ्यांकडे बघत होत्या.

५

दवाखान्याच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात लिदेच्या पिशव्या असतात आणि वरच्या कप्प्यात डॉक्टरबाईंचा डबा. त्यांचा मदतनीस यावरून रोज कुरकुर करतो.

तपासून उरलेल्या लिदेच्या त्या सात पिशव्या अजून तिथेच होत्या. प्रत्येकीवर घोड्याचं नाव, वळणदार अक्षरात, खाली पट्टीने ओढलेली लाल रेघ. डॉक्टरबाईंनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या, शेजारी औषधाच्या आधीच्या तपासणीचा जुना कागद ठेवला आणि डबा उघडला. हात धुतले होते, काळजी नको.

जुन्या कागदावर आकडे असे होते: थोरला अकराशे पन्नास, जायफळ सहाशे, कोळसा पन्नास, मिरी शून्य, आणि बाकीचे तिघे असेच कमीजास्त. हे अगदी बरोबर होतं. एकाच कुरणात चरणाऱ्या घोड्यांचे आकडे कधीच सारखे नसतात. तुमच्या वर्गात कसं, तीस पोरांमधली चारपाचच सगळी शाई सांडतात? घोड्यांतही थोड्याच घोड्यांच्या पोटातून बहुतेक सगळी अंडी पडतात. मिरीसारखा एखादा घोडा जन्मभर शून्याच्या आसपास राहतो.

आणि नवा कागद? अकराशे पन्नास, बाराशे, अकराशे, अकराशे पन्नास. औषध मिळालंच नसतं, तरी मिरीने दोन आठवड्यांत शून्यावरून इतकी मजल मारली असती?

“अरे,” डॉक्टरबाई मदतनिसाला म्हणाल्या, “वर्गातल्या सात पोरांना जवळजवळ सारखेच मार्क पडले आणि चुकाही त्याच असल्या, तर मास्तर काय समजतात?”

“कॉपी,” मदतनीस म्हणाला. त्याला अनुभव होता.

त्यांनी पहिली पिशवी बशीत रिकामी केली आणि चिमट्याने लीद उकलली. आत गवताच्या लांब लांब काड्या होत्या, बोटाएवढ्या, न चावलेल्या, आणि जवाचे अख्खे दाणे. जशी गव्हाणीत पडली तशी चंदी, म्हणजे घोड्याचं दाण्याचं खाणं, बाहेर आली होती. दुसरी पिशवी उकलली. लांब काड्या, अख्खे दाणे. तिसरी. चौथी, जिच्यावर ‘मिरी’ लिहिलं होतं. मिरी पाच वर्षांची. तिच्या दाढा जात्यासारख्या होत्या. तिच्या लिदेत अख्खा दाणा सापडला असता, तर तो नवसाचाच म्हणायचा.

सातही पिशव्यांमधली लीद एकाच घोड्याची होती.

डॉक्टरबाई मागे टेकल्या. डबा तसाच राहिला. तपासणीच्या दिवशी त्यांच्याकडे चाळीस पिशव्या आल्या होत्या. एकेक पिशवी उघडून, चमचाभर घेऊन त्यांनी अंडी मोजली होती आणि काड्यांकडे बघितलंच नव्हतं. सात सारखे आकडे आपल्या हाताने लिहिले होते आणि भुवई उचलली नव्हती. दमल्या होत्या. पण त्या कागदाने एका माणसाची खोली गेली होती, आणि दमणं हे त्याला उत्तर नव्हतं.

मग त्यांची नजर पुन्हा त्या लाल रेघांवर गेली. पट्टीने ओढलेल्या, शाळेच्या वहीत शीर्षकाखाली ओढतात तशा.

६

शनिवारी सकाळी अंगणात सगळे जमले. मालकीणबाई टाक्याच्या कठड्यावर बसल्या होत्या. उस्ताद ताठ उभे. मोतद्दार जिन्याच्या पायथ्याशी, शेजारी दोरीने बांधलेली ट्रंक. टाचणी ट्रंकेवर बसली होती, जणू ती उठली तर ट्रंक चालत निघून जाईल.

डॉक्टरबाईंनी सात पिचकाऱ्या मांडल्या आणि त्यांच्यासमोर सात पिशव्या.

“या पिचकाऱ्या बघा,” त्या म्हणाल्या. “सात घोडे, सात वजनं, सात कड्या वेगवेगळ्या. खरं काम असं दिसतं, वेडंवाकडं. आणि हे माझे आकडे बघा, सगळे एकाच साच्यातले. ते बघूनच मला शंका यायला हवी होती. आली नाही. पहिली चूक माझी.”

मग त्यांनी दात, काड्या आणि अख्खे दाणे यांची सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे ही सगळी लीद थोरल्याची?” मालकीणबाई म्हणाल्या.

“सगळी. बाकी सहांची लीद माझ्यापर्यंत आलीच नाही. त्यांच्यात जंत आहेत असं म्हणायला आज आपल्याकडे कागदाचा कपटाही नाही.”

“पण थोरल्यात तरी आहेत ना? त्याला औषध दिलं नाही, असंच ना?”

“दिलं. पण त्याच्या गालात गवताचा बोळा होता. मलम त्याला चिकटलं. मोतद्दारांची पाठ फिरल्यावर त्याने बोळा टाकला, आणि उंबऱ्यावर झोपणाऱ्या शेपट्याने तो चघळला. घोड्याचं औषध कुत्र्याच्या पोटात गेलं. म्हणून तो झिंगला, म्हणून बुबुळं बशीएवढी झाली. नशीब म्हणून वाचला. उस्ताद, त्या कुत्र्याने दारू प्यायली नव्हती.”

उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. “मग माझे शब्द मागे,” ते म्हणाले, आणि ताठ माणसाच्या मानाने ते बरंच होतं.

मोतद्दार पुढे आले. “थोरल्याचं तोंड मी बघितलं नाही, ताई. आपला म्हणून बघितलं नाही. ती चूक माझीच.”

 मालकीणबाईंनी विचारलं, “आणि पिशव्या? त्या कुणी भरल्या?”

 मिरी गव्हाणीत नाक खुपसून चंदी चघळत होती, कर्रम कर्रम.

“मी,” मोतद्दार म्हणाले.

डॉक्टरबाईंना ठाऊक होतं, की हे खोटं आहे. मालकीणबाईंनाही, उस्तादांनाही. पिशव्यांवरचं अक्षर सगळ्यांसमोर होतं, आणि मोतद्दारांना ते वाचतासुद्धा आलं नसतं.  पण काही गोष्टी मोठ्यांनी सांगायच्या नसतात. डॉक्टरबाई फक्त पिशव्या सरळ करत राहिल्या, लाल रेघ वर येईल अशा.

“तुम्ही?” मालकीणबाईंनी थंड आवाजात विचारलं, पण त्यांची नजर टाचणीवर होती. “तीस वर्षं झाल्यावरही, एकाच ढिगातून सात पिशव्या?”

“दमलो होतो, ताई.”

“मग मला माझा निर्णय बदलता येत नाही, मामा. दमलेल्या माणसाच्या भरवशावर मी घोडे सोडू शकत नाही.”

मोतद्दारांनी मान खाली घातली आणि ट्रंकेची दोरी धरली.

टाचणी ट्रंकेवरून उठली नाही.

“आजोबांना त्या दिवशी ताप होता,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की सगळ्यांना वाकावं लागलं, डॉक्टरबाईंनाही. “त्यांनी मला सांगितलं होतं, प्रत्येक घोड्याच्या मागे थांब, ताजी लीद पडली की वरची घे. मी गेले तेव्हा सहा घोडे कुरणात गेले होते. एकटा थोरला ठाणात होता. माझी शाळेची बस चुकत होती. मला वाटलं, सगळे एकच गवत खातात, एकच पाणी पितात, मग जंतही एकच असणार. लीद ती लीद.” तिने नाक पुसलं. “बुधवारी कागद वाचला तेव्हाच मला कळलं होतं. तीन दिवस रोज सांगणार होते. रोज वाटायचं, डॉक्टरबाई दुसऱ्या कुणाला तरी पकडतील.”

“उस्तादांना,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“हो,” टाचणी म्हणाली. “सॉरी, उस्ताद.”

मालकीणबाई कठड्यावरून उठल्या. त्यांनी आधी ट्रंकेकडे पाहिलं, मग टाचणीकडे. “सोमवारी मला सात खऱ्या पिशव्या हव्यात,” त्या म्हणाल्या. “आकडे आले की बोलू. तोवर ट्रंक इथेच राहील. वरही नाही आणि बाहेरही नाही.”

७

टाचणीने पुढे काय केलं, ते सांगतो आणि थांबतो.

सोमवारी ती शाळेत गेली नाही. पहाट सरताच ती कुरणात पालथी बादली टाकून बसली. तुम्ही कधी घोड्याच्या लिदेची वाट बघितली आहे? घोड्याला कुणाची घाई कळत नाही. जायफळने पाऊण तास लावला. मिरीने दीड. कोळसा टाचणी बघतेय तोवर ढिम्म हलला नाही आणि ती शिंकली तेवढ्यात काम उरकून मोकळा झाला. बारा वाजेपर्यंत सहा पिशव्या भरल्या, हवा दाबून काढली, नावं लिहिली. सातवी थोरल्याची. सातही दवाखान्यात पोचवून टाचणी सूक्ष्मदर्शकाशेजारी उभी राहिली आणि डॉक्टरबाईंनी मोजलेला प्रत्येक आकडा तिने स्वतः पुन्हा मोजला. मिरी शून्य. कोळसा शून्य. जायफळ पन्नास. बाकीचे तिघे शून्य. थोरला, अकराशे.

संध्याकाळी मालकीणबाईंनी तो कागद फळ्यासमोर उभं राहून दोनदा वाचला. मग उस्तादांना म्हणाल्या, “ट्रंकेचं एक टोक धरा.” दुसरं त्यांनी स्वतः धरलं. बारा पायऱ्या दोघंही धापा टाकत चढले.

राहिला थोरला. मंगळवारी त्याला नव्याने औषध द्यायचं होतं. मोतद्दारांनी फीत लावली, कडी आवळली आणि पिचकारी तोंडाकडे नेली.

“थांबा, आजोबा,” टाचणी म्हणाली.

तिने शेपट्याला पट्ट्याला धरून अंगणात नेलं आणि टाक्याच्या कडीला बांधलं. मग परत येऊन बाही कोपरापर्यंत सारली, थोरल्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात तिथून, दोन बोटं आत घातली आणि गालाच्या खळगीतून गवताचा ओला, हिरवा, मुठीएवढा बोळा बाहेर काढला. दुसऱ्या गालातून दुसरा. थोरल्याने एक सुस्कारा सोडला, जुन्या ओळखीतल्या माणसाने मन दुखवल्यासारखा.

दोन्ही बोळे तिने उंच फळीवर ठेवले. मग मोतद्दारांनी दट्ट्या दाबताच तिने थोरल्याची हनुवटी खांद्यावर घेतली, ताठ उभी राहिली आणि तो गिळेपर्यंत मान अजिबात हलवली नाही.